डक्सफर्डला स्पिटफायरचा फोटो: पंखा फिरताना दिसला पाहिजे

केंब्रिजजवळचं डक्सफर्ड म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला लढाऊ तळ. 1938 मध्ये स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान पहिल्यांदा सेवेत आलं ते इथेच. आज तिथे संग्रहालय आहे आणि जुनी विमानं अजूनही उडतात. अडचण एकच: ऑटो मोडवर काढलेल्या फोटोत विमानाच्या नाकावरचा पंखा (प्रोपेलर) थिजलेला दिसतो, जणू विमान दोरीला टांगलंय.

1. कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर (शटर किती वेळ उघडं राहील ते तुम्ही ठरवता), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता 100.
2. उड्डाण करणाऱ्या किंवा हवेतल्या विमानासाठी शटर 1/250 सेकंद. हात बसला की 1/160. जमिनीवर संथ चालणाऱ्यासाठी 1/80 पुरे, कारण तेव्हा पंखा हळू फिरतो. जेट आलं तर लगेच 1/1000. तिथे पंख्याचा प्रश्नच नाही.
3. पाय धावपट्टीकडे रोवून ठेवा, कंबरेतून वळा. विमान समोर येण्याआधीच फ्रेममध्ये धरा आणि फोटो निघाल्यावरही वळणं थांबवू नका. सलग 8-10 फ्रेम घ्या. एखादीच धारदार निघते, आणि तेवढी बस्स.
4. प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला असतात, म्हणजे दिवसभर ऊन समोरून. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +0.7 ठेवा, नाहीतर विमानाची नुसती काळी आकृती उरते.

मोबाइलवर पाती केळ्यासारखी वाकडी येतात, कारण सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. प्रो मोडमध्ये 1/125 ठेवलं की वाकडेपणा धूसरपणात विरतो. फार पांढरं आलं तर लेन्सवर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) धरा.

जपायचं ते सेन्सरवरच्या धुळीला. मंद शटरमुळे अॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) एफ/16 पर्यंत बारीक होतं आणि प्रत्येक कण आकाशात ठिपका होऊन उमटतो. सेन्सर आदल्या रात्रीच साफ करा.