जुन्या फोर्डला जुनेच ब्रेक: हॉट रॉडसाठी विंटेज ड्रम ब्रेक निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

हेन्री फोर्डचा ब्रेक ऑइलवर विश्वास नव्हता. क्रायसलरने १९२४ मध्येच चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले, १९३६ पर्यंत शेवरलेही त्या रांगेत आली. फोर्डच्या जाहिराती मात्र पॅडलपासून चाकापर्यंत पोलाद असल्याचा अभिमान मिरवत राहिल्या. म्हणजे काय, तर गज आणि नंतर केबल. अखेर १९३९ च्या मॉडेलला म्हाताऱ्याने माघार घेतली. कॅलिफोर्नियातल्या पोरांना तेवढंच हवं होतं. एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पळवायला १९२८ ते ३२ ची हलकी फोर्ड घ्यायची, भंगारातून १९३९ ते ४८ चे ब्रेक उचलायचे आणि जुन्या अॅक्सलला लावायचे. ट्रॅडिशनल हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, म्हणतात तो बराचसा या अदलाबदलीतून घडला आहे. आजही त्या काळाशी प्रामाणिक राहायचं तर चमकणारा डिस्क ब्रेक चालत नाही. ड्रमच हवा, आणि तोही त्या काळातला. चाकासोबत फिरणाऱ्या या ड्रमच्या आत दोन शू असतात. त्यांच्यावरचा घर्षणाचा पट्टा, म्हणजे लायनर, ड्रमला आतून दाबला की चाक थांबतं.

मी इथे कॅलिफोर्नियात एका १९३१ च्या मॉडेल ए वर हे काम दोनदा केलं. दोनदा, कारण पहिल्यांदा चुकलं. ते पुढे येईलच.

१. काय घ्यायचं ते आधी ठरवा

फोर्डचे १९३९–४८ चे ब्रेक सगळ्यात सहज मिळतात. ड्रम १२ इंची, लायनरची रुंदी पावणेदोन इंच. १९३९ च्या ड्रमला पाच बोल्टचा रुंद घेर असतो, सव्वादहा इंचाचा. १९४० पासून तो साडेपाच इंचावर आला. तेव्हा आवडलेली रिम कुठल्या ड्रमवर बसते हे आधी पाहा, नाहीतर ब्रेक घेतल्यावर रिम शोधत फिराल.

त्याच्या वरची पायरी लिंकनची. चाळिशीच्या दशकातल्या लिंकनला बेंडिक्स पद्धतीचे ब्रेक होते (ही रचना चौथ्या भागात येईल), पुढे १२ इंच बाय २ इंच. १९३७–४८ च्या फोर्ड स्टबवर, म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, त्यांची बॅक प्लेट (शू धरणारी न फिरणारी चकती) बसते. जाणकार याच्या मागे धावतात, म्हणून अस्सल जोडी महाग आणि दुर्मिळ. हुबेहूब नवीन प्रतीही बनतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ऐंशी वर्षांच्या जुन्या प्लेटपेक्षा नवी प्लेट केव्हाही भरवशाची. फोर्डच्या १९४८–५२ च्या एफ-वन पिकअपचे पुढचे ब्रेकही बेंडिक्सच. ते स्वस्त पडतात, पण मधलं भोक मोठं असल्याने स्टबवर बरोबर मध्यावर बसण्यासाठी लेथवर एक रिंग करून घ्यावी लागते.

ब्यूकचे पंखेवाले अॅल्युमिनियम ड्रम म्हणजे शोभेचा आणि उपयोगाचा दुर्मिळ संगम. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून ब्यूकने ते पुढच्या चाकांना लावले. आत बिडाची लायनिंग, बाहेर उष्णता फेकणारे पंखे. पंचेचाळीस पंख्यांचा ड्रम सगळ्यात लोकप्रिय. तो १२ इंची असल्याने लिंकनच्या शूंशी त्याची चांगली जोडी जमते, फक्त हब मशीन करून घ्यावा लागतो आणि रिमचा बोल्टघेर बदलतो, पाच बाय पाच इंच.

किनमाँटचं नाव ऐकलं असेल. चाळिशीच्या अखेरीस कॅलिफोर्नियात निघालेला हा पूर्ण चकतीचा ब्रेक, बाहेर पंखेवाला अॅल्युमिनियमचा डबा. फारच थोडे बनले. अस्सल जोडी दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला. क्रॉस्लीने १९४९ मध्ये खरोखरचा कॅलिपर डिस्क ब्रेक दिला होता, पण रस्त्यावरच्या मिठाने तो गंजून अडकायचा आणि दुसऱ्याच वर्षी ड्रम परत आला. दुर्मिळ ब्रेक दुर्मिळ का राहिला, याला बऱ्याचदा असंच कारण असतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या गाडीला फोर्डचेच १९४० चे ब्रेक घ्या. नीट बसवलेला साधा फोर्ड ब्रेक, वेड्यावाकड्या बसवलेल्या लिंकनपेक्षा गाडी लवकर थांबवतो.

२. विकत घेताना काय तपासायचं

ड्रम दोरीला टांगा आणि छोट्या हातोडीने हलकेच टकटक करा. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे समजा. मग आतला व्यास मोजा. १२ इंचाचा ड्रम टर्न करून, म्हणजे लेथवर आतून कापून, मूळ मापापेक्षा साधारण ०.०६० इंचापर्यंत मोठा करता येतो. आधीच तेवढा झाला असेल तर तो ड्रम भिंतीवर लावायचा.

बॅक प्लेटवर शू जिथे घासतात तिथे खाचा पडतात. त्या वेल्ड भरून कानशीने सपाट करता येतात. मात्र तशाच राहिल्या तर शू अडकत राहतो आणि तुम्ही मास्टर सिलिंडरवर (पॅडलने ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) संशय घेत बसता. व्हील सिलिंडर, म्हणजे चाकापाशी शू ढकलणारा, आतून गंजलेलाच मिळेल. हलकी काळी डाग-पट्टी असेल तर होन करा, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करा. खड्डे असतील तर स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह घालून घ्या. फोर्डच्या सिलिंडरला दोन वेगळ्या मापांची भोकं असतात. मोठं कुठल्या शूकडे होतं, ते काढतानाच खुणेने लिहून ठेवा.

एक गोष्ट गंभीरपणे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टस असण्याची दाट शक्यता आहे. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय असते ना आपल्याला, ती इथे जीवघेणी. पाण्याने ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा, मास्क घाला आणि कचरा पिशवीत बांधून टाका.

३. मागचे ड्रम उतरवणं

जुन्या फोर्डच्या मागच्या अॅक्सलचं टोक टेपर असतं आणि हब त्यावर चावीसह (अॅक्सल आणि हब एकत्र फिरवणारी पोलादी पट्टी) घट्ट रुतलेला असतो. हातोडीने ठोकून उतरवायला जाऊ नका. ड्रमच्या कडेला धरणारा पुलरही नको, ड्रम वाकतो. हबला धरणारा खास पुलर भाड्याने आणा, ताण द्या आणि थांबा. कधीकधी रात्रभर ताणलेला ठेवावा लागतो, सकाळी एक ठोका आणि धाडकन सुटतो.

परत बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा. त्यावर ग्रीस लावू नका. नट ढिला राहिला तर हब डुलतो, चावी कापली जाते आणि इंजिनचा जोर मागच्या चाकापर्यंत पोचत नाही.

४. शू ड्रमच्या गोलाईला जुळवणं

खरं काम इथे आहे. बाकी सगळं पान्ह्याचं.

ड्रम टर्न केला की त्याचा व्यास वाढतो, पण शूवरचा नवीन लायनर मूळ मापाचा असतो. मग तो ड्रमला फक्त मधल्या एका पट्ट्यात टेकतो. पाय दाबला तर गाडी थांबायला वेळ लागतो, चिरकते, एका बाजूला ओढते. पूर्वी प्रत्येक ब्रेकवाल्याकडे लायनर ड्रमच्या गोलाईत घासून देणारं मशीन असायचं. अॅस्बेस्टसच्या धुळीमुळे ती मशीनं दिसेनाशी झाली, पण चांगल्या जुन्या ब्रेक दुकानात अजून कुठेतरी धूळ खात असतं. शोधा. नवीन, अॅस्बेस्टस नसलेल्या लायनरवरच ते काम करून घ्या.

खात्री कशी करायची? लायनरवर खडू घासा, ड्रम चढवा, शू किंचित लागेल इतपत अॅडजस्ट करून ड्रम हाताने दोनतीन फेरे फिरवा. उघडल्यावर खडू बहुतेक लांबीभर पुसलेला दिसला पाहिजे. फक्त मध्यावर पुसला तर अजून घासायला हवं.

आता फोर्डच्या लॉकहीड पद्धतीची खासियत. प्रत्येक शूला खाली स्वतःची अँकर पिन असते आणि ती पिन विकेंद्री (एक्सेंट्रिक) असते, म्हणजे फिरवली की शूचं बूड आतबाहेर सरकतं. वर वेगळे कॅम असतात, त्यांनी शूचा माथा सरकतो. लोक फक्त वरचे कॅम फिरवतात आणि ब्रेक लागत नाही म्हणून लिंकन शोधायला निघतात. आधी खालून सुरुवात करा. स्टबवर फिरणारी, लोखंडी पट्टीची एक घरगुती गेज बनवा. एका टोकाला बेअरिंगवर बसेल असा बुश, दुसऱ्या टोकाला सरकणारा बोल्ट. ती फिरवत लायनर सगळीकडे समान अंतरावर येईपर्यंत अँकर हलवा, मगच वरचे कॅम.

बेंडिक्स वेगळा. दोन्ही शू तरंगते, खाली दातेरी अॅडजस्टरने जोडलेले, वर एकच अँकर. गाडी पुढे जाताना पुढचा शू ड्रमसोबत ओढला जातो आणि मागच्या शूला ढकलतो. पायाचं बळ तेवढंच, पण जोर वाढतो. म्हणून पुढच्या शूचा लायनर आखूड, मागच्याचा लांब. माझी पहिली चूक तीच: एका चाकाचे शू अदलाबदल झाले. पहिल्याच ब्रेकला गाडी उजव्या फुटपाथकडे निघाली. दोन दिवस मी अलाइनमेंट तपासत होतो.

५. मास्टर सिलिंडर आणि नळ्या

हॉट रॉडमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली, चेसिसला असतो. तो चाकांच्या सिलिंडरपेक्षा खाली किंवा बरोबरीला येतो, म्हणून ऑइल परत उतरू नये यासाठी ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो. फोर्डच्या जुन्या सिलिंडरमध्ये तो आतच असतो. नवीन घेतलात तर आत आहे का ते विचारा. एकच सिलिंडर चारही चाकांना असेल तर एक नळी फुटली की सगळं गेलं. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी सर्किट आलं, आणि फ्लोअरखाली दडवता येत असेल तर दुहेरी सिलिंडर घ्यायला लाजू नका. वरून कोणाला दिसत नाही.

नळी पोलादाची, दीड सूत (३/१६ इंच) व्यासाची, टोकाला दुहेरी फ्लेअर (दुमडून पसरवलेली कड). तांब्याची नळी नको, दाबून बसवायचे कॉम्प्रेशन जोडही नकोत. पॅडलचं प्रमाण साधारण सहाला एक ठेवा. पिव्हटपासून पायाच्या पाट्यापर्यंतचं अंतर, पिव्हटपासून पुशरॉडपर्यंतच्या अंतराच्या सहापट.

पुशरॉड आणि पिस्टनमध्ये अर्धा सूत ढील हवीच. मी ती ठेवली नव्हती. मला कडक पॅडल हवं होतं ना! एका कडक उन्हाच्या दुपारी दहा मैलांवर गाडी जड व्हायला लागली, मग आणखी जड, शेवटी चारही ड्रम तापून वास मारायला लागले. ढील नसली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलंच राहतं. ऑइल तापून फुगतं आणि जायला वाट नसल्याने ब्रेक आपोआप लागत जातात. रस्त्याच्या कडेला निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) एकदा ढिला केला, पिचकारी उडाली आणि गाडी सुटली.

ऑइल साधं डॉट ३ पुरतं. सिलिकॉनचं डॉट ५ टाकायचं असेल तर सगळी रबरं आणि नळ्या कोऱ्या असताना पहिल्यापासूनच टाका, दोन्ही मिसळू नका.

६. एअर काढणं आणि रस्त्यावर नेणं

सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. एकाने हळू पंप मारून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा. पॅडल सोडायचं ते निपल बंद झाल्यावरच. हे बायकोबरोबर करायचं असेल तर आधी खुणा ठरवून घ्या. "सोड" आणि "सोडलं" यात आमच्या घरी एकदा अबोला झाला होता.

पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, ताशी तीस मैलांच्या वेगाने, स्टेअरिंगवर हात हलके. ओढते का पाहा. मग पन्नासवरून वीसेक वेळा मध्यम दाबाने थांबवा, मध्ये थंड होऊ द्या. उतरून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रम बघा. पुढची दोन सारखी तापायला हवीत. एक थंड असेल तर तो शू काम करत नाही, फार गरम असेल तर घासतोय.

दीडदोनशे मैलांनंतर ड्रम पुन्हा उघडा. लायनरवरची चकाकी मधून दोन्ही टोकांकडे पसरलेली दिसेल. थोडी झीज झालेली असेलच, तेव्हा वरचे कॅम किंवा दातेरी चाक थोडं पुढे घ्या, आणि मागच्या हबचे नट पुन्हा एकदा आवळून त्यांत नवी खिळपिन घाला.