नळाला गढूळ पाणी आलं? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

‘ओपा प्रकल्प उद्या बंद, पाणी साठवून ठेवा’ असा मेसेज गोव्यात म्हापशातल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या इमारतीत बादल्या, कळश्या, पिंपं भरून तयार असतात. खरं तर म्हापशाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतच नाही. पण ‘पाणी बंद’ एवढं दिसल्यावर पुढचं कोण वाचतो?

पाण्याच्या बाबतीत आपल्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे. आपल्या घरी पाणी कुठून येतं आणि वाटेत कशाकशातून जातं, याचा पत्ताच नसतो. मग बातमी भलतीच कळते, बिघाड भलत्या जागी शोधला जातो आणि पैसेही भलतीकडेच जातात.

ढोबळमानाने सांगायचं तर तिसवाडी आणि फोंड्याला खांडेपार नदीवरच्या ओपाचं पाणी, बार्देशला मुख्यतः अस्नोड्याचं, आणि सासष्टी, मुरगाव, केपे, सांगे या तालुक्यांना साळावली धरणाचं. डिचोलीकडे पडोसे, पेडण्यात चांदेल, सत्तरीत दाबोस, काणकोणात चापोली. अस्नोड्याला पाणी पुरवणाऱ्या तिळारीच्या कालव्याला भगदाड पडलं की झळ बार्देशला बसते, मडगावकरांनी पिंपं भरायचं कारण नाही. उलट ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ ओपाच्या मुख्य वाहिन्या फुटल्या, तेव्हा पणजीसकट तिसवाडी आणि फोंड्याचे लोक कित्येक दिवस टँकरमागे धावत होते. म्हापशाचं पाणी मात्र त्या वाहिन्यांवर अवलंबून नव्हतं.

मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढंच बघा: त्यात तारीख आहे का? ‘उद्या’ हा शब्द वर्षानुवर्षं शिळा होत नाही, ही त्याची गंमत. पाणीपुरवठा खात्याच्या खऱ्या सूचनेत तारीख, वेळ, कामाचं कारण आणि गावांची किंवा प्रभागांची नावं असतात. यातलं काही नसेल तर तो मेसेज तुमच्यापाशीच थांबू द्या.

पाणी सुटलं की लगेच टाकी भरणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. दोन दिवस नळ कोरडा होता म्हणून पाणी सुटल्या सुटल्या सगळे टाकीचा कॉक उघडतात. पण वाहिनी रिकामी होते तेव्हा तिच्यातला दाब जातो, आणि जोडांतून, चिरांतून आजूबाजूचं पाणी आत झिरपतं. पावसाळ्यात गटारं तुडुंब असतात आणि आपल्याकडे कितीतरी ठिकाणी नळाची लाईन गटाराच्या कडेनेच गेलेली असते. त्यात भर म्हणजे पाण्याचा पहिला लोट पाइपच्या आतला गंज आणि बसलेला गाळ उचलून आणतो. म्हणून पाणी सुटल्यावर मीटरजवळचा नळ सोडून पाणी नितळ होईपर्यंत वाहू द्या. ते बादल्यांत धरा, झाडांना घाला, अंगण धुवा. टाकीचा कॉक त्यानंतर उघडा. नितळ झाल्यावरही त्या दिवशी प्यायचं पाणी उकळूनच घ्या. खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एखादं मिनिट ठेवलं की पुरे.

दुसरं, मीटरनंतरच्या लाईनला थेट मोटर जोडणं. हे नियमाला धरून नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी केलं जातं. मोटर फक्त पाणीच खेचत नाही. लाईनमध्ये पुरेसं पाणी नसलं की ती वाहिनीतल्या प्रत्येक चिरेतून जे मिळेल ते ओढते. शेजारच्या सोकपिटाचंसुद्धा, म्हणजे सांडपाणी जिरवायच्या खड्ड्याचं. आणि तुम्ही ओढलेली घाण तुमच्याच घरात येईल असंही नाही, वाड्यावरच्या कुणाच्याही नळाला ती जाऊ शकते. मोटर लावायची तर खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढवायला लावावी.

दोष कुठे आहे हे न बघताच ओरडा करणं

पाणी पिवळट आलं की पहिला फोन पाणीपुरवठा खात्याच्या कार्यालयात जातो. जायलाही हवा, पण त्याआधी काचेचे दोन ग्लास घ्या. स्टीलच्या पेल्यात काही कळत नाही. एकात मीटरजवळच्या थेट नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वयंपाकघरातल्या, म्हणजे टाकीतून येणाऱ्या नळाचं. दोन्ही पांढऱ्या कागदावर ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका.

थेट नळाचं स्वच्छ आणि टाकीचं गढूळ असेल तर खात्याचा काही दोष नाही. तुमची टाकी किंवा घरातला जुना लोखंडी पाइप बघा. दोन्ही गढूळ असतील आणि अर्ध्या तासात तळाशी मातकट थर बसला, तर तो गाळ. थर नारिंगी-तपकिरी असेल तर बहुधा गंज. आणि पाणी नळातून आलं तेव्हा नितळ होतं, पण ठेवल्यावर हळूहळू पिवळं पडत गेलं, तर त्यात लोह विरघळलेलं आहे. हे विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात नेहमी दिसतं. अशा पाण्याचा चहा काळपट होतो, हे गावाकडच्या आजीलाही ठाऊक असतं. टाकीच्या भिंतीवर काळा, बोटाला लागणारा थर दिसला तर मँगनीजची शक्यता धरा. साळावलीच्या पाण्यात खाणींमुळे मँगनीज येत असल्याची चर्चा दक्षिण गोव्यात मागे बरीच झाली आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे.

एक उलटा गैरसमज इथेच सांगून टाकतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा किंचित वास आला की लोक तोंड वाकडं करतात. तो वास यावा अशीच योजना आहे. मानकाप्रमाणे शेवटच्या नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. रोज येणारा वास एकाएकी बंद झाला आणि पाणी गढूळही दिसू लागलं, तर ती खरी काळजीची खूण.

आरओवाल्याच्या दोन ग्लासांना भुलणं

दारावर येणारा विक्रेता तुमच्या नळाचं पाणी एका ग्लासात घेतो, आरओचं दुसऱ्यात. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवतो. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, वर फेस. आरओचं मात्र जवळपास तसंच. घरातल्या बायामाणसांचा चेहरा पडतो. पण तो गाळ पाण्यात नव्हताच, तो त्या लोखंडी कांडीतून झिजून आला. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते आणि कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार अगदी थोडे, मग फारसं काही होत नाही. मिठाची चिमूट टाकून आरओच्या ग्लासातही तोच तमाशा करून दाखवा म्हणावं.

सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या आपल्या नद्यांचं पाणी मुळातच हलकं आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, जिथे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तिथे आरओवर बंदी घालावी, असं सरकारला सांगितलं होतं. टीडीएस मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. गटाराचं पाणी मिसळूनही त्यावरचा आकडा छान दिसू शकतो. आपली अडचण गाळ आणि जंतूंची असेल तर चांगला फिल्टर आणि उकळणं किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) एवढ्यावर भागतं. उन्हाळ्यात विहीर खारट होणाऱ्या किनारपट्टीच्या गावांना मात्र आरओचा खर्च पटण्यासारखा आहे.

टाकी आणि संप (जमिनीखालची टाकी) विसरणं

चवथीला पणजी-मडगावचे फ्लॅट बंद करून सगळे गावच्या घरी जातात. परत आल्यावर टाकीत तेच पाणी असतं, क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं. ते पाणी वापरायला काढा, प्यायला नको. वर्षातून दोनदा तरी टाकी धुवा, एकदा पावसाळा संपल्यावर. पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्यांवरच्या इमारतींनी संपचं झाकण जमिनीपासून वीतभर उंच करून घ्यावं. पार्किंगच्या पातळीला झाकण असलेला संप म्हणजे गाड्या धुतलेलं पाणी पिण्याची सोयच.

विहिरीत अंदाजाने पावडर टाकणं

जांभ्या दगडाला भोकं फार. त्यातून पाणी झटकन उतरतं आणि सोकपिटाची घाणही. म्हणून विहीर आणि सोकपिट यांत १५ ते १८ मीटर तरी अंतर असावं. ब्लीचिंग पावडर मूठभर टाकून भागत नाही. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने. उत्तर घनमीटरमध्ये येतं, म्हणजे तितके हजार लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर या हिशेबाने ७० ग्रॅम. ती थोड्या पाण्यात कालवून बादलीभर पाण्यात ढवळा, चुना खाली बसू द्या, आणि फक्त वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून बादलीनेच ढवळा. निदान तासभर पाणी शेंदू नका. रात्री केलेलं बरं. पावडरचं पाकीट उघडं राहिलं असेल तर ती टाकून फायदा नाही.

पावडर जंतूंवर चालते, तेलावर नाही. २०२३ मध्ये दाबोळी परिसरातल्या विहिरींत पेट्रोलजन्य पदार्थ उतरल्याचं प्रकरण झालं. असला वास आला तर विहीर तात्काळ बंद, पंप बंद, काडीपेटी दूर, आणि पंचायतीला लगेच कळवायचं.

पुरावा न ठेवता तक्रार

‘पाणी घाण येतंय’ या वाक्यावर कनिष्ठ अभियंत्याला काही करता येत नाही. तारीख, वेळ, रंग, वास, थेट नळ की टाकी, आणि शेजारच्या दोन-तीन घरांतही तसंच आहे का, हे लिहून द्या. ग्लासांचे फोटो जोडा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. जंतूंच्या तपासणीचा नमुना प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका. त्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते, तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. तोवर पंचायतीकडे किंवा पाणी समितीकडे मैल्याचे जंतू तपासायची एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) छोटी बाटली मिळाली तर खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवा. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो फोटो मात्र ग्रुपवर टाकायला हरकत नाही. तारीख घालून.