पाणी दिलं की झालं? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मागाचे पार्ट करून घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "पाणी दिलंय ना?" पाणी देणं म्हणजे तापवलेलं पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणं. त्यानंतर ते पुन्हा कमी आचेवर तापवणं म्हणजे टेंपरिंग. ते केलं का, हे कुणी विचारत नाही. सगळी गोची तिथेच.

एकदा ईएन-८ च्या, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाच्या, १२ पिना होत्या. नव्या पोराने तापवून तेलात बुडवल्या, कानस घासून बघितली आणि ओरडला, "मालक, कानस घसरतीय, पिन काचेवानी झालीय!" गिऱ्हाईक दारात उभं, टेंपरिंगला भट्टी पुन्हा कोण लावणार? मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पिनांचे तुकडे. काचेवानी झाल्या होत्या, काचेवानीच तुटल्या.

८५० अंशांवरून पोलाद झटकन गार केलं की आतल्या कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीतच अडकतो. कडकपणा त्यातूनच येतो आणि अंगातला ताणही. टेंपरिंगला पुन्हा ५५० ते ६५० पर्यंत तापवलं की तो कार्बन बारीक कण होऊन सुटतो. कडकपणा उतरतो, पण पार्ट चिवट होतो, तुटायच्या आधी वाकतो. माझी सवय अशी: तुकडा हाताला कोमट लागतोय तोवरच टेंपरिंगला टाकायचा आणि इंचभर जाडीला तासभर ठेवायचा. "उद्या करू" म्हणून ठेवलेला पार्ट रात्रीत चिरतो, हे मी बघितलंय.

दुसरा राग डोळ्यांच्या अंदाजावर. भर उन्हात डाळिंबी लाल रंग फिका दिसतो, म्हणून पोरं अजून तापवतात. पोलादाच्या आतला दाणा वाढतो, आणि तुटलेल्या जागी साखर सांडल्यासारखं चमकतं. पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र) नसेल तर लोहचुंबक लावा. ७७० च्या आसपास तो चिकटायचा बंद होतो. तिथून थोडंच वर न्यायचं. आणि भट्टीवर सावली करा, त्याला पैसे पडत नाहीत.

एमएसला, म्हणजे साध्या मऊ पोलादाला, पाणी देऊन काही होत नाही, त्यात कार्बनच नाही पुरेसा. ईएन-२४ हे मिश्र पोलाद पाण्यात बुडवू नका, तेलातच. लांब शाफ्ट उभाच सोडा, आडवा सोडला तर केळं होतं.

आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरू नका. आपल्याकडे दुपारी ते अंघोळीला चालेल इतकं तापतं. पार्टभोवती वाफेचं कवच धरतं आणि जागोजागी मऊ डाग राहतात. मग लोक म्हणतात, मटेरियल खराब होतं.