माळरानावर मृगाआधी करावयाची तयारी

सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव तालुक्यांच्या माळरानांवर गवत पुन्हा उभे करण्याचे काम लोकांच्या नजरेस पडते ते जून महिन्यात. परंतु त्याची तयारी आदल्या दसऱ्यापासून सुरू झाली नसेल, तर जूनमध्ये करण्यासारखे फारसे काही उरत नाही. आमच्या गटात यंदा नव्याने आलेल्या कार्यकर्त्यांसाठी ही यादी लिहिली आहे. कामे ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने ती करावीत, कारण पहिले काम राहून गेले की पुढच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडते.

पहिले काम मेंढपाळांना भेटण्याचे. माळाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे ती धनगर कुटुंबे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. त्यामुळे १ मेच्या ग्रामसभेत माळाविषयी जे काही ठरते ते बहुधा त्यांच्या पाठीमागे ठरते. पहिल्या वर्षी आमच्याकडून हीच चूक झाली. चराईबंदीचा ठराव एकमताने मंजूर झाला म्हणून आम्ही समाधानात होतो. जूनमध्ये कळप परतले तेव्हा बंद केलेल्या तुकड्यातूनच त्यांची पाण्याची वाट जाते, हे आम्हांला प्रथमच कळले. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने एवढेच विचारले, “आम्हांला आधी का नाही सांगितलं?” त्यांचा राग रास्त होता. तेव्हापासून दसरा ते दिवाळी या दिवसांत आम्ही प्रत्येक वस्तीवर जातो, माळ त्यांच्याबरोबर पायी फिरतो आणि कोणता तुकडा किती काळ बंद ठेवायचा हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतो. एका वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त माळ बंद करू नये, पाण्याची आणि कळपाची वाट मोकळी ठेवावी, आणि बी पडून गेल्यावर बंद तुकड्यातील गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क कोणाचा, हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावे. जे कुटुंब आधीच निघून गेले असेल त्याच्याशी फोनवर बोलावे. निरोपावर विसंबू नये.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. जमीन गायरान आहे की वनखात्याची, हे सातबारा आणि नकाशा पाहून पक्के करावे. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि वनजमीन असेल तर लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक झुडूपही तोडू नये. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थापन झालेली जैवविविधता व्यवस्थापन समिती गावात असेल, तर तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गवतांची स्थानिक नावे आणि कळपांच्या वाटा लिहून घेण्याचा आग्रह धरावा. या नोंदवह्यांत झाडे सापडतात. गवते मात्र क्वचितच सापडतात.

बियाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. बाजारात मिळणारे चाऱ्याचे परदेशी वाण आपल्याला नको आहेत. पवन्या, शेडा, डोंगरी आणि मारवेल ही इथलीच गवते हवीत, आणि त्यांचे बी शक्यतो त्याच माळावरून किंवा शेजारच्या गावातून आलेले असावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओंब्या पिवळ्या पडल्या की सकाळचे दव वाळल्यानंतर बी हाताने ओरबाडून घ्यावे, परंतु एका ठिकाणचे सगळे बी कधीही काढू नये. ताजे बी सहसा नीट उगवत नाही, त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. म्हणून हिवाळ्यात गोळा केलेले बी पुढच्या पावसाळ्यात वापरणे सोयीचे पडते. ते सावलीत वाळवून सुती पिशव्यांत किंवा कोरड्या गोणपाटात भरावे आणि पिशवीवर गवताचे नाव, जागा व महिना लिहावा. प्लॅस्टिकच्या पोत्यात बी घामेजते आणि त्याला बुरशी लागते. मे महिन्यात प्रत्येक पिशवीतील शंभर दाणे ओल्या गोणपाटावर पसरून दहा दिवसांत किती उगवले ते मोजावे, म्हणजे किती बी लागेल याचा अंदाज येतो.

कुसळी गवताचे बी मात्र आपण पेरत नाही, कारण त्याची कुसळे मेंढरांच्या लोकरीत आणि कातडीत रुततात आणि मेंढपाळांना ते नकोसे असते. शाळेतील मुलांना दाखवण्यासाठी त्याची चार कुसळे काडेपेटीत जपून ठेवावीत. कोरडे कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला की त्याची पिळलेली काळपट शेपटी सावकाश उलगडत फिरू लागते आणि टोकाचा दाणा कातडीला टोचू लागतो. पहिल्या पावसात हेच बी अशा रीतीने स्वतःला मातीत रोवून घेते. माळ ओसाड नाही हे मुलांना पटवण्यासाठी याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही.

एप्रिल-मेमध्ये उपद्रवी वनस्पती काढाव्यात. घाणेरी वरवर छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीच्या दोन इंच खाली कुदळीने तोडून झुडूप उलटे करून ठेवावे. वेडी बाभूळ याहून चिवट असल्याने तिच्यासाठी वीतभरापेक्षा खोल खणावे लागते. गाजरगवत पावसानंतर, फुलावर येण्यापूर्वी उपटावे आणि त्या वेळी हातमोजे घालावेत, कारण अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते. एप्रिल-मेचे हेच दिवस टिटवी, धाविक आणि चंडोल यांच्या विणीचे असतात व ही पाखरे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. म्हणून कामाला लागण्यापूर्वी एका रांगेत सावकाश चालून जागा पाहून घ्यावी. अंडी दिसली तर तिथे झेंडी लावू नये, कारण झेंडीमागे कावळे आणि कुत्री येतात. दहा पावलांवर दोन दगड एकावर एक ठेवावेत आणि त्या भागातील काम पिल्ले निघेपर्यंत सोडून द्यावे.

गावात बोलायला जाताना दोन प्रश्नांची उत्तरे तयार असू द्यावीत. झाडे का लावत नाही, हा पहिला प्रश्न. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य लोकांच्या जिद्दीतून हिरवे झाले हे सर्वांना ठाऊक असते, आणि तसेच इथे करा असे आपल्याला प्रेमाने सांगितले जाते. आपण नम्रपणे सांगावे की इथल्या उथळ, मुरमाड जमिनीवर गवत हेच मुळातले आच्छादन आहे, चिंकारा, खोकड आणि लांडगा यांना मोकळा माळच लागतो, आणि २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्या कशामुळे उघडाव्या लागल्या हे घरोघरी आठवते आहे. जमीन उथळ आणि गवताची असल्याच्या याच कारणाने यंत्राने खोल चर खणण्यासही आपला विरोध आहे. दुसरा प्रश्न लांडग्याचा. मेंढरू मारले गेल्यास वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी ४८ तासांच्या आत कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत धड जागेवरून हलवू नये, हे प्रत्येक वस्तीवर सांगावे, आणि प्रसंग आलाच तर अर्ज लिहायला आपल्यापैकी एकाने स्वतः जावे.

पेरणीचा दिवस पंचांग पाहून ठरवू नये. कोरड्या मातीत फेकलेले बी मुंग्या वाहून नेतात; पहिल्या चांगल्या पावसाने माती भिजली की दोन दिवसांत काम उरकावे. हलके बी वाऱ्याने उडते, म्हणून ते ओलसर मातीत कालवून मुठीने फेकावे आणि बाभळीच्या फांदीने जमीन हलकेच झाडून घ्यावी. बी अर्ध्या इंचापेक्षा खोल जाऊ नये. माती साठते त्या खोलगट जागी मारवेल आणि उघड्या मुरमावर शेडा व डोंगरी टाकावे. माणदेशात जूनचा पाऊस हुलकावणी देतो आणि खरा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरमध्ये येतो, त्यामुळे निम्मे बी मागे ठेवणे आवश्यक आहे. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी ज्या कुटुंबांशी दसऱ्याला बोलणे झाले होते त्यांच्या वस्तीवर जाऊन सकाळी कुठून सुरुवात करणार ते सांगावे, आणि त्यांच्यापैकी कोणी येणार असल्यास पहिली मूठ त्यांच्या हाती द्यावी.