डक्सफर्डला जाताय? मग लांबच्या टोकापासून सुरुवात करा

लंडनच्या ट्रिपमध्ये एक अख्खा दिवस मोकळा असेल आणि विमानांचं वेड असेल तर केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला जाच. ब्रिटिश हवाई दलाचा पहिल्या महायुद्धापासूनचा तळ, १९६१ मध्ये बंद झाला, आता तिथे इम्पीरियल वॉर म्युझियमचं विमानांचं संग्रहालय आहे. दोन-तीन तासांत होईल असं समजून लोक दुपारी पोचतात आणि मग शेवटचे हँगर (विमानं ठेवायच्या मोठ्या शेड) धावत बघतात, तसं करू नका, उघडायच्या वेळेलाच गेटवर हजर राहा.

लंडन लिव्हरपूल स्ट्रीटवरून केंब्रिजकडे जाणारी ट्रेन पकडायची, व्हिटल्सफर्ड पार्कवेला उतरायचं, पुढे टॅक्सी. परतीच्या टॅक्सीचं पण तेव्हाच बोलून ठेवा. गाडीने येणार असाल तर एम११ या मोटरवेचं जंक्शन १०. तिकीट काढताना एअर शो कधी आहे तेवढं बघून घ्या, कारण शोच्या दिवशी प्रचंड गर्दी असते आणि निवांत बघायचं असेल तर साधा दिवसच बरा. धावपट्टी अजून वापरात आहे, त्यामुळे साध्या दिवशीही कधीकधी स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) उडतं, आवाज आला की हातातलं सगळं सोडून बाहेर पळा.

आत शिरलं की सगळे पहिल्याच एअरस्पेस हँगरमध्ये घुसतात. तुम्ही तो शेवटी ठेवा आणि ताज्या पायांनी सरळ चालत पार अमेरिकन एअर म्युझियमपर्यंत जा, पायात चांगले शूज हवेत, कारण हे अंतर खरंच मोठं आहे. तिथे दारात जायच्या आधी बाहेर थांबा. काचेची ५२ उभी पॅनेल्स आहेत आणि त्यांवर ७,०३१ विमानांच्या बारीक आकृत्या कोरल्यात, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून उडालेली आणि परत न आलेली अमेरिकन विमानं. लोक याला डिझाइन समजून पुढे जातात, कृपया जाऊ नका, जवळ जाऊन एकेक आकृती बघा, मोठ्या बॉम्बरच्या आकृतीमागे नऊ-दहा माणसं होती हे लक्षात ठेवून बघा.

आत बी-५२ हे अवाढव्य अमेरिकन बॉम्बर आहे, पंखांचा विस्तार ५६ मीटर, वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी इमारतीची रुंदीच त्या पंखांवरून ठरवली. बाजूला काळं एसआर-७१ हे अतिवेगवान टेहळणी विमान, १९७६ मध्ये ८५,०६९ फुटांचा उंचीचा विक्रम केला ते हेच विमान, अमेरिकेबाहेर या जातीचं दुसरं कुठलं नाही. जमिनीवर थंड असताना याच्या टाक्यांच्या सांध्यांतून इंधन गळायचं आणि वेगात बॉडी तापून फुगली की फटी बुजायच्या, त्यामुळे पोटाखालचे सांधे नक्की बघा.

मग परत येता येता जुने हँगर, वर मान करून लाकडी छत बघा, ते पहिल्या महायुद्धाच्या काळातलं आहे. १९३८ च्या ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या स्क्वाड्रनला पहिलं स्पिटफायर मिळालं ते इथेच, १९ नंबरच्या स्क्वाड्रनला.

माझ्या मते सगळ्यात चुकवू नये अशी जागा म्हणजे १९४० ची ऑपरेशन्स रूम, शत्रूची विमानं कुठे आहेत ते टेबलावर मांडून लढाऊ विमानांना हुकूम द्यायची खोली. छोटीशी खोली, मधे नकाशाचं टेबल, भिंतीवर घड्याळ आणि त्यात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे त्रिकोण. काटा ज्या रंगावर, त्याच रंगाचा बाण टेबलावर ठेवायचा, म्हणजे वरून बघणाऱ्याला नुसत्या रंगावरून कळायचं की ही खबर ताजी की शिळी. कॉम्प्युटर नसताना हे! पाच मिनिटं तरी तिथे उभे राहा.

आता एअरस्पेस. कॉन्कॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानात चढता येतं आणि आत प्रवाशांच्या सीट नाहीत, चाचणीची यंत्रं आहेत, कारण हे प्री-प्रॉडक्शन, म्हणजे चाचण्यांसाठी आधी बनवलेलं विमान आहे, कॉन्कॉर्डांमधलं सगळ्यात वेगवान, मॅक २.२३, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या २.२३ पट. १९७७ मध्ये ते स्वतः उडत इथे उतरलं आणि त्यानंतर एम११ साठी धावपट्टीचा तुकडा कापला. गाडीने आला असाल तर घरी जाताना तुमची गाडी त्याच एम११ वरून जाईल.