कडाक्याच्या थंडीत जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स कसा सांभाळावा

कॅनडातील विनिपेग, एडमंटन किंवा अमेरिकेतील मिनियापोलिससारख्या शहरांत पारा उणे २५ अंशांखाली गेला की, १०-१५ वर्षे वापरलेली ऑटोमॅटिक गाडी सकाळी ‘डी’मध्ये (पुढे जाण्याच्या गिअरमध्ये) टाकल्यावर क्षण-दोन क्षण जागची हलत नाही आणि मग हलका झटका देऊन निघते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्यापैकी अनेकांची पहिली गाडी अशीच जुनी असते, त्यामुळे गिअरबॉक्स संपला, अशी धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १०-१५ किलोमीटर चालवल्यानंतर हा विलंब पूर्णपणे नाहीसा होत असेल, तर दोष बहुधा थंडीचा असतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगणाचे काम करीत नाही. त्याच्याच दाबाने आतील क्लच मिटतात आणि गिअर पडतो. डेक्सरॉन-६ या प्रचलित तेलाची श्यानता (घट्टपणा) १०० अंश सेल्सिअसला सुमारे ६ सेंटिस्टोक असते, तर उणे ४० अंशांना ती १५,००० सेंटिपॉइजपर्यंत (एकक वेगळे असले तरी म्हणजे हजारो पट) गेली तरी ते तेल प्रमाणित मानले जाते. काकवीसारखे झालेले हे तेल पंपाला ओढणे जड जाते, आणि त्यातच वयोमानाने कडक झालेल्या रबरी सीलमधून दाब निसटतो. तेल तापेपर्यंत गाडीतील संगणक वरचे गिअर मुद्दाम उशिरा टाकतो आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होऊ देत नाही; त्यामुळे सुरुवातीला इंजिनाचे फेरे जास्त दिसले तरी त्यात बिघाड शोधू नये.

इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटे थांबावे. त्यानंतर ब्रेक दाबून ठेवून ‘आर’ (रिव्हर्स) टाकावा, गिअर पकडल्याचे जाणवेपर्यंत वाट पाहावी आणि मगच ‘डी’ टाकावा. गिअर पकडण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर दाबणे हा सर्वांत महागात पडणारा उतावीळपणा आहे. अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवण्याने इंधन जळते, पण गिअरबॉक्स फारसा तापत नाही. तो सौम्यपणे चालवल्यानेच तापतो. गाडी उभी असताना विजेवर चालणारा ब्लॉक हीटरही इंजिनच गरम करतो. फार थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी गिअरबॉक्सच्या तेलपात्राला चिकटवण्याचा वेगळा हीटर बसवून घ्यावा.

बर्फात चाक रुतल्यावर चाके फिरत असतानाच ‘डी’ आणि ‘आर’ आलटूनपालटून टाकू नयेत, कारण त्या काही मिनिटांत क्लचची जेवढी झीज होते तेवढी महिनाभराच्या शहरी वापरातही होत नसावी. प्रत्येक वेळी चाक पूर्ण थांबवून मगच गिअर बदलावा. वाळू आणि फावडे डिकीत असावे.

तेलाची तपासणी हिवाळ्यापूर्वीच करावी. थंड तेल आकुंचन पावते, म्हणून थंड गाडीच्या डिपस्टिकवर (तेल मोजण्याच्या पट्टीवर) पातळी कमी दिसते आणि त्या भरवशावर तेल ओतल्यास ते जास्त होऊन फेसाळते. बहुतेक गाड्यांत तपासणी तेल तापल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून करतात. मात्र होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद करून करावी लागते, त्यामुळे गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. तेल तपकिरी होऊन करपल्याचा वास येत असेल तर ते बदलावे. तेलपात्राचे बूच काढल्यावर सर्व तेल बाहेर येत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून थोड्या-थोड्या अंतराने दोन-तीन वेळा बदलणे इष्ट. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ तेल मी तरी घेणार नाही: टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे डीडब्ल्यू-१, क्रायस्लरचे एटीएफ+४, ज्याला जे सांगितले आहे तेच घालावे, आणि सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) तर सीव्हीटीचेच.

रस्त्यावरील मिठाने तेल थंड होण्यासाठी वाहून नेणाऱ्या पोलादी नळ्या गंजतात, तेव्हा गाडीखाली लालसर डाग दिसल्यास त्या आधी पाहाव्यात. तेल गुलाबी, दुधाळ झाले असेल तर रेडिएटरमधील पाणी त्यात मिसळले आहे आणि गाडी पुढे चालवू नये. गाडी तापल्यावरही गिअर उशिरा पकडत असेल, किंवा फेरे वाढूनही वेग वाढत नसेल, तर मेकॅनिकला दाखवावेच. मात्र त्याआधी बॅटरी तपासून घ्यावी, कारण थंडीत मंदावलेल्या बॅटरीमुळेही गिअरबॉक्सचे सोलेनॉइड (तेलाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या विजेच्या झडपा) चुकीचे वागतात आणि इशाऱ्याचा दिवा लागतो.