वाय दाबण्याआधी ती यादी वाचा: पॅकेज टाकताना आणि काढताना या चुका टाळा

उबुंटू या लिनक्स सिस्टीमवर मला पायथन या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती हवी होती. जुनी कशाला ठेवायची, म्हणून मी 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३' अशी कमांड दिली. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, आणि ॲप्ट म्हणजे पॅकेजेस (प्रोग्रामचे गठ्ठे) टाकणारं-काढणारं साधन. स्क्रीनभर नावं आली, खाली 'पुढे जायचं का?' हा नेहमीचा प्रश्न आला, मी वाय म्हणजे 'हो' दाबला. मशीन पुन्हा सुरू केलं तेव्हा डेस्कटॉप गायब होता. काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ तेवढी उरली होती.

सिस्टीमची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. एखादं पॅकेज काढलं की त्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेसही ॲप्ट काढतं. त्या यादीत डेस्कटॉपचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं, मी ते वाचलं नाही. नेट चालू असल्यामुळे 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप' करून गाडी रुळावर आली. नवी आवृत्ती हवी असेल तर ती जुनीच्या शेजारी टाका, सिस्टीमच्या पायथनला हात लावू नका. शंका असेल तेव्हा कमांडला '--सिम्युलेट' जोडा. काय काय जाणार हे दिसतं आणि प्रत्यक्षात काहीच हलत नाही. 'अझ्यूम येस' म्हणजे '-वाय' हा पर्याय मात्र काढण्याच्या कमांडला कधीही लावू नका, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक याहून धोकादायक आहे, कारण तिचा सल्ला सर्रास दिला जातो. 'कुड नॉट गेट लॉक' असा एरर आला की लॉक फाइल (एका वेळी एकाच प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, पॅकेजेस हाताळावीत यासाठीची खूण) डिलीट करायची! बहुतेक वेळा त्या क्षणी मागे आपोआप होणारं अपडेट चालू असतं. कुठल्या प्रोसेसने लॉक धरलंय, तिचा नंबरही अलीकडच्या आवृत्त्यांत एररमध्येच दिसतो. लॉक उडवलं तर दोन प्रोसेस एकाच वेळी पॅकेजच्या नोंदींत लिहू लागतात आणि नोंदी बिघडतात. थोडं थांबा. वीज जाऊन इन्स्टॉलेशन खरंच अर्धवट राहिलं असेल, तर आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' (डीपीकेजी हे ॲप्टच्या मागे काम करणारं साधन) आणि मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवा.

'अनेबल टू लोकेट पॅकेज' दिसलं तर नावाचं स्पेलिंग तपासा आणि 'ॲप्ट अपडेट' करा. अपडेटने फक्त उपलब्ध पॅकेजेसची यादी ताजी होते. पॅकेजेस नवी होतात ती 'अपग्रेड'ने.

डाउनलोड केलेली डेब फाइल (उबुंटूच्या पॅकेजची फाइल) 'डीपीकेजी -आय'ने टाकली की अवलंबित पॅकेजेस आपली आपण शोधावी लागतात. त्याऐवजी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहून फाइलच्या नावाआधी टिंब आणि स्लॅश द्या. ते विसरलात तर ॲप्ट तेच नाव रेपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यात, शोधत बसतं.

प्रोग्राम बिघडला, काढला, पुन्हा टाकला, तरी बिघाड तसाच? 'रिमूव्ह' केल्यावर सिस्टीमच्या ईटीसी फोल्डरमधली सेटिंग्ज मागे राहतात. ती काढायला 'पर्ज' लागतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग्जना मात्र पर्जही हात लावत नाही, त्या स्वतःच काढाव्या लागतात.

पिप या पायथनच्याच साधनाने, 'सुडो पिप इन्स्टॉल' करून, पायथनच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) थेट सिस्टीममध्ये टाकणं हीही तशीच घातक सवय. उबुंटू ज्यावर उभी आहे त्या डेबियन लिनक्सच्या, २०२३ साली आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून पिप तिथेच अडवतं आणि 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट' असं सांगतं. त्यावर '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' हा पर्याय वापरू नका. प्रोजेक्टपुरतं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट बनवायला एक कमांड पुरते.

एवढं करूनही काही चुकीचं निघून गेलंच, तर आठवणीवर विसंबून पॅकेजेस परत टाकू नका. व्हार फोल्डरमधल्या लॉगमध्ये ॲप्टची हिस्टरी फाइल असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती कमांड दिली आणि तिने कोणकोणती पॅकेजेस काढली, हे तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर ॲप्टच्या जागी डीएनएफ असतं आणि तिथे याहून सोपं आहे: 'डीएनएफ हिस्टरी लिस्ट'मध्ये त्या व्यवहाराचा क्रमांक बघा आणि 'सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू'पुढे तो लिहा. तिथेही आधी यादी दाखवून होकार मागितला जातो, ती ओळीओळीने वाचा.